शस्त्रधारणाचा हक्क व घटनाकारांचा हेतु : हिंगोली प्रांताच्या आधारें एक विवेचन

( १ ) विषयप्रवेश

जुन्या कागदाचा अर्थ लावणें हें आम्हां संशोधकांचें नित्याचें काम आहे. सनदेंतील एखादा शब्द, महजरांतील एखादें कलम किंवा तहनाम्यांतील एखादी ओळ पाहून ती लिहिणाराच्या मनांत काय होतें हें ठरविण्यासाठीं आम्ही लेख लिहितों, वाद घालतों, आणि पुष्कळदां मतभेद कायम ठेवून उठतों. त्या वादांत चूक झाली तर एखाद्या घराण्याची वंशावळ बिघडते किंवा एखाद्या लढाईची तिथि मागेंपुढें होते. कोणाच्या जीवावर बेतत नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सव्वादोनशें वर्षांहून जुन्या अशा एका वाक्याच्या अर्थावर आज कोणी बंदूक बाळगावी व कोणी बाळगूं नये हें ठरत आहे. तेथें पाठभेद, विरामचिन्हें व तत्कालीन शब्दप्रयोग हे विषय न्यायालयांत युक्तिवादाचे झाले आहेत. आमच्या शास्त्राची अशी कसोटी क्वचितच लागते. म्हणून त्या वादाची माहिती ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस असावी असें आम्हांस वाटतें.

हाच प्रश्न आपल्याहि घटनाकारांपुढें १९४८ सालच्या डिसेंबरांत आला होता, व त्याचें उत्तर स्पष्ट शब्दांत नमूद आहे. तें उत्तर ज्या परिस्थितींत दिलें गेलें ती समजण्यास आजचा हिंगोली जिल्हा व त्याच्या भोंवतालचा मुलूख ह्यांचा इतिहास फार उपयोगीं पडतो. घटनाकारांचा हेतु केव्हां सिद्ध होतो व केव्हां तो केवळ आपल्या इच्छेचें प्रतिबिंब असतो, ह्याचा निवाडा ह्या दोन उदाहरणांच्या तुलनेनें करतां येतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

( २ ) अमेरिकन कलम : पाठ व पाठभेद

अमेरिकन घटनेंतील दुसरी दुरुस्ती ता. १५ डिसेंबर १७९१ रोजीं मंजूर झाली. मूळ इंग्रजींत ती अवघ्या सत्तावीस शब्दांची आहे. तिचा आशय असा कीं, सुव्यवस्थित लोकसेना ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस अवश्य असल्यामुळें, शस्त्रें बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्काचा भंग होऊं नये. लोकसेना म्हणजे खडी फौज नव्हे; प्रसंग पडल्यास नागरिकांतून उभी राहणारी सेना असा अर्थ घ्यावयाचा.

वाक्याचे दोन भाग उघड आहेत. पहिला कारण सांगतो, दुसरा हक्क सांगतो. वाद आहे तो ह्या दोहोंच्या संबंधाचा. एक पक्ष म्हणतो, कारण हें हक्काची मर्यादा होय. लोकसेनेच्या कामापुरताच हक्क, त्यापलीकडे नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, कारण हें केवळ प्रस्तावनेसारखें आहे. हक्क प्रत्येक व्यक्तीचा व स्वतंत्र आहे. जुनीं इनामपत्रें वाचणारांस हा प्रश्न अपरिचित नाहीं. अमुक देवाच्या पूजेसाठीं जमीन दिली असें सनदेंत असतां, पूजा बंद पडली तर जमीन राहते कीं जाते, ह्यावर किती तंटे झाले आहेत हें आपण जाणतोंच.

हेतु शोधण्यासाठीं मागच्या मसुद्यांकडे गेलें तरी निकाल सहज लागत नाहीं. जेम्स मॅडिसन ह्यानें ता. ८ जून १७८९ रोजीं मांडलेल्या मूळ मसुद्यांत हक्काचा भाग आधीं व लोकसेनेचा मागून होता. शिवाय ज्यास धर्मबुद्धीमुळें शस्त्र धरणें निषिद्ध वाटतें त्याच्यावर लष्करी चाकरीची सक्ति होऊं नये, असा तिसरा भाग होता. पुढें क्रम उलटला व तिसरा भाग गळाला. व्यक्तिवादी म्हणतात, मूळांत हक्क प्रथम होता तोच खरा. लोकसेनावादी म्हणतात, धर्मबुद्धीचा अपवाद लष्करी चाकरीचाच होता, तेव्हां शस्त्रधारण म्हणजे चाकरी हाच अर्थ मॅडिसनच्या मनांत होता. एकाच मसुद्यांतून दोन्ही पक्षांस आधार मिळतो.

ता. ९ सप्टेंबर १७८९ रोजीं तेथील वरिष्ठ सभेंत शस्त्रधारणाच्या शब्दांपुढें ‘सामाईक संरक्षणासाठीं’ ह्या अर्थाचे शब्द घालण्याची सूचना आली, व ती नामंजूर झाली. नाकारलेला पाठ आपल्या हातीं आहे. परंतु त्या काळीं वरिष्ठ सभेचें काम बंद दाराआड चालत असे, आणि नकाराचें कारण नमूद नाहीं. सूचना हक्क संकुचित करते म्हणून नाकारली, कीं तो अर्थ आधींच वाक्यांत आहे, पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं म्हणून नाकारली? दोन्ही तर्क संभवनीय आहेत, आणि पुराव्याच्या दृष्टीनें दोन्ही सारखेच दुबळे आहेत.

पाठभेदाचीहि हकीकत लक्षांत घेण्याजोगी आहे. चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या अधिकृत प्रतींत ह्या वाक्यांत तीन स्वल्पविराम आहेत. संस्थानांनीं मंजूर केलेल्या कांहीं प्रतींत व कांहीं छापील प्रतींत एकच आहे. मोडी कागदांत विरामचिन्हें नसतात म्हणून आम्ही कुरकुर करतों. तेथें तीं असल्यामुळेंच वाद वाढला.

शब्दांच्या पलीकडे आचार पाहिला तर एक गोष्ट मात्र निश्चित दिसते. ता. ८ मे १७९२ च्या लोकसेनेच्या कायद्यानें अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक सशक्त गोऱ्या पुरुष नागरिकानें स्वतःच्या खर्चानें बंदूक, संगीन व दारूगोळा सिद्ध ठेवावा असें फर्माविलें. आमच्या शिलेदाराची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. त्या पिढींत बंदूक ही हक्काची वस्तु होतीच, परंतु ती कर्तव्याचीहि वस्तु होती; आणि गुलाम व काळे लोक ह्या दोहोंतूनहि वगळलेले होते. हीं दोन्ही अंगें एकत्र ठेवल्याशिवाय त्या काळाचें यथार्थ चित्र उमटत नाहीं.

( ३ ) अमेरिकेंतील अलीकडील निर्णय

ह्या कलमाचा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें फार काळ क्वचितच आला. १९३९ सालच्या मिलर खटल्यांत न्यायालयानें आंखूड नळीच्या बंदुकीचा लोकसेनेशीं कांहीं संबंध दाखविला गेला नाहीं असें म्हणून तिला संरक्षण नाकारलें. ता. २६ जून २००८ रोजीं हेलर खटल्यांत पांचविरुद्ध चार मतांनीं निकाल झाला कीं, घरांत स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति स्कॅलिया ह्यांचा व मुख्य भिन्नमत न्यायमूर्ति स्टीव्हन्स ह्यांचें. दोघांनींहि आपापला सिद्धान्त इतिहासावरच उभारला, आणि दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध निघाले. २०१० त हाच हक्क घटक संस्थानांसहि बंधनकारक ठरला. २०२२ च्या ब्रुएन खटल्यांत न्यायालयानें असा नियम घातला कीं, शस्त्रांवरील कोणतेंहि नियमन त्या देशाच्या ऐतिहासिक परंपरेशीं जुळतें असें सरकारनें दाखविलें पाहिजे. त्या दिवसापासून तेथील वकील जुने कायदे व वर्तमानपत्रें धुंडाळूं लागले. २०२४ च्या रहीमी खटल्यांत, घरांतील माणसांस धोका असल्याचें न्यायालयानें ठरविलेल्या इसमाकडून शस्त्र काढून घेण्याचा कायदा आठविरुद्ध एक मतानें वैध ठरला, व जुन्या कायद्याशीं तंतोतंत साम्य असण्याचें कारण नाहीं असा खुलासा झाला.

इतिहासाला इतका मान मिळावा ह्याचा आम्हांस आनंद व्हावयास पाहिजे. परंतु वाटते ती धास्ती. संशोधक पुरावा अपुरा आहे असें म्हणून थांबूं शकतो; न्यायाधीशास थांबतां येत नाहीं, त्याला निकाल द्यावाच लागतो. म्हणून जेथें कागद मुके आहेत तेथेंहि त्यांस बोलतें करण्याचा मोह उत्पन्न होतो.

( ४ ) हिंगोली प्रांतांतील हत्यार : चाकरी, गढी व छावणी

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. आपल्याकडील जुन्या दप्तरांत शस्त्र बाळगण्याचा हक्क अशी कल्पना आढळत नाहीं. आढळतें तें शस्त्र आणि चाकरी ह्यांचें जोडनातें. शिलेदार स्वतःचें घोडें व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिरास तें सरकारांतून मिळे. देशमुख, पाटील, नाईकवाडी, जागले ह्यांच्या हातीं जी ढाल-तलवार, भाला वा तोडेदार बंदूक असे ती वतनाबरोबर येई, आणि वतनाबरोबर मुलुखाच्या राखणीची जबाबदारीहि येई. हत्यार कोणी बाळगावें हा प्रश्न स्वतंत्रपणें विचारला जात नसे. चाकरी कोणाची, एवढेंच पाहिलें जाई.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील डोंगराळ भागांत हटकर नाइकांचा जोर फार पूर्वीपासून होता. वाशीमकडील हटकरांचा शस्त्रबळाविषयींचा लौकिक आइन-इ-अकबरींतहि नमूद आहे. ह्याच परंपरेंतील नोवसाजी नाईक ह्यानें नाव्हा येथील गढी (इंग्रजी कागदांतील नोव्हा, आज नांदेड जिल्ह्याच्या हदगांव तालुक्यांत) निजामाच्या इंग्रजी अंमलदारांच्या फौजेविरुद्ध १८१९ च्या जानेवारींत लढविली. मेजर पिटमन ह्याच्या हाताखालील फौजेनें गढी हल्ला करून घेतली, व आंतील शिबंदींत अरबांचा भरणा असून तिची मोठी कत्तल झाली. पुढें त्या फौजेच्या पलटणींनीं ‘नोव्हा’ हें नांव आपल्या निशाणांवर लढाईचें मानचिन्ह म्हणून मिरविलें. चाकरीचें हत्यार बंडाचें केव्हां होतें ह्याचें हें उदाहरण आहे. वतनदाराच्या दृष्टीनें जी राखण तीच नव्या सत्तेच्या दृष्टीनें बंडाळी ठरली.

त्यानंतर हिंगोली हें निजामाच्या त्या कवायती फौजेचें, म्हणजे पुढें हैदराबाद कंटिंजंट ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या सैन्याचें, ठाणें झालें. ही छावणी १९०३ पर्यंत होती. ह्या सैन्याच्या खर्चाच्या थकबाकीपायींच १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, हें सर्वश्रुत आहे. त्या वर्षापासून पैनगंगेच्या उत्तरेस इंग्रजी अंमल व दक्षिणेस निजामी अंमल अशी स्थिति झाली. निजामी मुलुखांत अरब, रोहिले इत्यादि भाडोत्री हत्यारबंद लोकांचा सुळसुळाट होता. शेतकऱ्याच्या घरांत हत्यार कमी आणि त्याच्याकडून सावकारी देणें वसूल करावयास येणाराच्या कमरेला हत्यार, असा विषम प्रकार तेथें दीर्घकाळ चालला.

ह्या छावणीसंबंधींची एक गोष्ट येथें प्रस्तुत आहे. निजामी मुलुखांतील ठगांच्या बंदोबस्ताचें काम १८३३ च्या सुमारास हिंगोली येथें सुरू झालें. मेडोज टेलर ह्यानें १८३९ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या ठगविषयक पुस्तकाच्या प्रस्तावनेंत लिहिलें आहे कीं, त्या भागांतील ठगांचा एक म्होरक्या हिंगोलीसच प्रतिष्ठित व्यापारी म्हणून नांदत होता, आणि एका व्यापाऱ्यास मारून त्याचें कापड त्यानें छावणींतच विकलें. तोफा-बंदुकांनीं भरलेल्या छावणीच्या बाजारांत ह्या खुन्याचें हत्यार होतें रुमाल. सत्तेला बंदुकीची जी भीति वाटते ती नेहमीं गुन्ह्याचीच असते असें नव्हे, ही गोष्ट ह्यावरून ध्यानांत येते. पुढील कायद्यांचा विचार करतांना ती उपयोगीं पडेल.

( ५ ) हत्यारांचा कायदा व हक्काची मागणी

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें देश नि:शस्त्र करण्यास आरंभ केला. १८६० चा ३१ वा कायदा व त्याहून कडक असा लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा ११ वा कायदा हे त्यांतील मुख्य टप्पे होत. ह्या दुसऱ्या कायद्यानें परवान्याशिवाय बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. परंतु युरोपियनांस त्यांतून सूट होती. लोकांस बोंचलें तें परवान्यापेक्षां ह्या सुटीचें अपमानास्पद स्वरूप. मद्रास येथील १८८७ च्या राष्ट्रीय सभेंत ह्या कायद्याविरुद्ध ठराव झाला. १९१८ त खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं काढलेल्या पत्रकांत महात्मा गांधींनींहि ह्या कायद्याची गणना इंग्रजी अंमलाच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली. वर्णभेदाची सूट पुढें १९२० च्या नियमांनीं गेली. मूळ कायदा राहिला.

ह्या पार्श्वभूमीवर १९२८ च्या नेहरू अहवालांत व १९३१ च्या कराची येथील ठरावांत शस्त्रें बाळगण्याचा व धारण करण्याचा नागरिकाचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादींत आला. शब्दयोजना अमेरिकन कलमाची आठवण करून देते. परंतु एक भेद डोळ्यांआड करूं नये: कराचीच्या ठरावांत हा हक्क त्यासंबंधीं होणाऱ्या नियमांच्या व मर्यादांच्या अधीन आहे असें तेथेंच म्हटलें होतें. म्हणजे निरंकुश हक्काची मागणी राष्ट्रीय सभेनेंहि केली नव्हती.

( ६ ) १९४७–४८ : एकाच भूमींतील दोन धडे

घटनासमितींत हा प्रश्न निघण्यापूर्वीं परभणी व नांदेड जिल्ह्यांनीं (हिंगोली त्या वेळीं परभणींत मोडत असे) जें पाहिलें तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रझाकार ह्या शब्दाचा अर्थ स्वेच्छेनें सेवा करणारा. लातूरच्या कासीम रझवी ह्यांच्या नेतृत्वाखालील ही संघटना सैन्य नव्हती आणि पोलीसहि नव्हती. ती राज्यकर्त्यांच्या अभयाखालीं हत्यारबंद झालेली खाजगी सेना होती. तिनें गांवोगांव जो जुलूम केला तो ह्या भागांतील वृद्धांच्या तोंडून पुढील पिढ्यांनीं ऐकलेला आहे. त्याच्या प्रतिकारासाठीं सरहद्दीवर सशस्त्र कँप उभे राहिले. वसमत तालुक्यांतील वापटीचे बहिर्जी शिंदे ह्यांस १९४८ त आजेगांव येथील लढ्यांत हौतात्म्य आलें. वसमतच्या महाविद्यालयास त्यांचें नांव आहे.

ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, व ता. १७ रोजीं निजामी सत्ता शरण आली. परंतु हकीकत तेथें संपत नाहीं. हत्यारांचें पारडें फिरल्यानंतर अनेक ठिकाणीं निरपराध मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल ह्यांची समिति नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत संस्थानांत फिरली, आणि अधिक झळ पोंचलेल्या चार जिल्ह्यांत तिनें नांदेडची गणना केली.

ह्या एका वर्षांतून दोन धडे निघतात, व ते परस्परविरुद्ध आहेत. नि:शस्त्र रयत जुलुमापुढें लाचार होते, हा पहिला. हत्यार खाजगी हातीं गेलें कीं तें दुर्बळाचें रक्षण करीलच असें नाहीं. तें बहुधा प्रबळाच्या हातीं जातें व प्रबळ बदलला कीं बळीहि बदलतो, हा दुसरा. दोहोंपैकीं एकच निवडून इतिहासाचा कौल म्हणून पुढें करणें हें इतिहासाशीं प्रामाणिक वर्तन नव्हे.

( ७ ) घटनासमितींतील प्रश्न व उत्तर

ता. १ व २ डिसेंबर १९४८ ह्या दोन दिवसांत घटनासमितींत मसुद्याच्या तेराव्या कलमावर (आजचें एकोणिसावें) चर्चा झाली. हरि विष्णु कामत ह्यांनीं शस्त्रें बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क त्यांत घालावा अशी उपसूचना मांडली. सार्वजनिक सुव्यवस्था व शांतता ह्यांसाठीं ह्या हक्कावर बंधनें घालण्याची मुभा राज्यास असावी, असेंहि त्यांच्या उपसूचनेंतच होतें. पाठबळ होतें कराचीच्या ठरावाचें. तेव्हां वाद निरंकुश हक्क विरुद्ध संपूर्ण बंदी असा नव्हताच. नियमनाधीन हक्क असावा कीं हक्कच नसावा, एवढाच तो होता.

डॉ. आंबेडकर ह्यांच्या उत्तराचा सारांश असा. राष्ट्रीय सभेनें असे ठराव केले होते हें खरें. तो इतिहास आहे. परंतु ज्या परिस्थितींत ते केले ती आतां राहिली नाहीं. इंग्रजांनीं शस्त्रें नाकारलीं तीं शांतता व सुव्यवस्थेसाठीं नव्हेत, तर जित प्रजेनें संघटित होऊन परकीय सत्ता उलथूं नये म्हणून. ती सत्ता गेल्यावर मागणीचा पायाच गेला. प्रत्येकास बाजारांत जाऊन हवीं तीं हत्यारें विकत घेण्याचा हक्क असेल तर राज्यकारभार कसा चालावा? आणि शेवटीं, आपण आग्रह धरावयाचा तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे तर कर्तव्याचा. युद्ध, बंडाळी वा राज्यावर संकट आलें असतां प्रत्येक नागरिकास शस्त्र धरण्यास बोलाविण्याचा अधिकार राज्यास असावा, व ती तरतूद मसुद्याच्या सतराव्या कलमांत (आजचें तेविसावें) केलेली आहे. उपसूचना नामंजूर झाली. घटनेंत हक्क राहिला तो शांततेनें व विनाशस्त्र जमण्याचा. ज्या हैदराबाद संस्थानानें हत्यारांचा असा भयंकर अनुभव नुकताच घेतला होता त्याचा प्रतिनिधि त्या दिवशीं सभागृहांत नव्हता, हेंहि नमूद करून ठेवावें.

शस्त्र हें कर्तव्याला जोडण्याची ही भाषा वाचून आमच्या वाचकांस वतनी चाकरीची आठवण होईल. तें साम्य आम्ही दाखवीत आहों, डॉ. आंबेडकरांनीं तसा दाखला दिला नव्हता, व वतनपद्धतीचे ते कठोर टीकाकार होते. भेदहि मोठा आहे. वतनाचें कर्तव्य जन्मानें व जातीनें येई. घटनेच्या तेविसाव्या कलमांत सार्वजनिक कामासाठीं सक्तीची सेवा लावतांना धर्म, वंश, जात वा वर्ग ह्यांवरून भेद करूं नये असें स्पष्ट बजावलें आहे. १७९२ च्या अमेरिकन कायद्यांतहि कर्तव्य होतें, पण तें गोऱ्यांपुरतें. तुलना ह्या मर्यादेंतच घ्यावी.

एक अपवाद मात्र घटनेंत आहे, व तो हिंगोलीच्या शेजारचा आहे. पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणांत कृपाण धारण करणें हें शीख धर्माच्या आचरणांत समाविष्ट मानलें आहे. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ त जेथें देह ठेवला त्या नांदेडच्या सचखंडांत त्यांचीं शस्त्रें आजहि पूज्य म्हणून जतन केलेलीं आहेत. घटनेनें शस्त्राचा उल्लेख हक्काच्या बाजूनें केला तो एवढ्याच एका ठिकाणीं, आणि तोहि आत्मसंरक्षणाच्या नव्हे तर धर्माच्या नात्यानें.

( ८ ) पुढील कायदा व वाद

१९५९ च्या ५४ व्या कायद्यानें १८७८ चा कायदा रद्द झाला; नवा कायदा ता. १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. बंदुकीस परवाना कायम राहिला. तलवार, भाला, कट्यार इत्यादि नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांस मात्र, सरकार ज्या भागापुरतें जाहीर करील त्या भागांतच परवान्याची गरज ठेविली. २०१९ च्या दुरुस्तीनें एका इसमास ठेवतां येणाऱ्या बंदुकांची संख्या तिहींवरून दोनांवर आली.

हक्काचा प्रश्न अधूनमधून पुन्हां निघतो. १९९३ त अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निर्णयांत साधी बंदूक बाळगणें हें जीविताच्या हक्कांत येतें असें मत व्यक्त झालें. पुढें त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठानें तें मान्य केलें नाहीं. २०२३ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें विनापरवाना बंदुकांच्या सुळसुळाटाची स्वतः होऊन दखल घेतली, आणि अमेरिकेप्रमाणें आपल्या घटनेंत शस्त्रधारणाचा मूलभूत हक्क नाहीं असें म्हटलें.

( ९ ) हेतु सिद्ध केव्हां होतो

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. घटनाकारांचा हेतु अमुक होता असें म्हणण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या असें आम्ही सुचवितों. पहिली, आज आपण जो प्रश्न विचारतों तोच त्यांच्यापुढें होता काय? दुसरी, विरुद्ध पाठ मांडला जाऊन नाकारला गेला काय? तिसरी, नाकारण्याचें कारण तत्कालीन नोंदींत आहे काय?

भारताच्या बाबतींत तिन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आहे. अमेरिकेच्या बाबतींत दुसऱ्याचें उत्तर होय, तिसऱ्याचें नाहीं, आणि पहिल्याचें संदिग्ध आहे; कारण १७८९ च्या सभासदांपुढें मुख्य चिंता खडी फौज व मध्यवर्ती सत्ता ह्यांची होती, आजच्या शहरांतील पिस्तुलाची नव्हे. म्हणून तेथील दोन्ही पक्षांनीं आपला निष्कर्ष संभवनीय म्हणावा, सिद्ध म्हणूं नये.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मग भारतांतील प्रश्न कायमचा मिटला. तसेंहि नाहीं. उत्तर एका सभासदाचें आहे. ज्यांनीं हात वर केले त्या प्रत्येकाचें कारण तेंच होतें असें धरतां येत नाहीं. शिवाय त्या उत्तराचा आधारच परिस्थिति बदलल्याचा आहे, आणि परिस्थिति पुन्हां बदलली असें म्हणण्याचा मार्ग त्यानें कोणासहि बंद केलेला नाहीं. तसें ज्यास वाटेल त्यानें लोकांपुढें जावें व घटनादुरुस्तीची मागणी करावी. परंतु घटनाकारांना हा हक्क अभिप्रेतच होता असें म्हणूं नये. तें कागदाविरुद्ध आहे. हेतु सिद्ध होणें निराळें आणि तो आज योग्य ठरणें निराळें; पहिलें काम संशोधकाचें, दुसरें नागरिकाचें.

( १० ) संग्राहकांस सूचना

जुनीं हत्यारें जवळ असलेल्या वाचकांस ह्या विषयाचा एक व्यावहारिक भाग माहीत असावा. १९५९ च्या कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमानें कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त अशा हत्यारांस, दुरुस्तीनें वा दुरुस्तीविना बंदूक म्हणून वापरतां येत नसल्यास, सूट आहे. वापरतां न येण्याची अट तिन्ही प्रकारांस लागू कीं शेवटच्यासच, हा प्रश्न ह्या वाक्यरचनेंतहि उद्भवूं शकतो. आमचा सल्ला असा कीं, अट तिन्हींस लागू आहे असें समजून चालावें, आणि तोडेदार वा चापाची बंदूक घरांत असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरींत लेखी विचारणा करून घ्यावी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तु व पंचाहत्तर वर्षांहून जुनीं महत्त्वाचीं हस्तलिखितें ह्यांस १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा लागू आहे, हेंहि विसरूं नये.

हत्यारापेक्षां हत्याराचा कागद दुर्मिळ असतो. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा, वसमत ह्या भागांतील जुन्या घराण्यांकडे बंदुकीचे परवाने, हत्यारें जमा केल्याच्या पावत्या, छावणीशीं झालेल्या देवघेवीच्या वह्या, नाइकांच्या व जागल्यांच्या वतनाचे मोडी कागद असण्याचा संभव आहे. तलवार भिंतीवर लागते आणि पावती चुलींत जाते, असा अनुभव आहे. परवान्यावर कोणत्या कामासाठीं हत्यार दिलें तें लिहिलेलें असतें. राखण, शिकार, पीक-संरक्षण, कीं केवळ इभ्रत, ह्याची नोंद जेथें सांपडेल तेथें ह्या प्रांतांत हत्यार कोणाच्या हातीं, कोणाच्या हुकुमानें व कोणाविरुद्ध होतें हें अनुमानानें नव्हे तर पुराव्यानें सांगतां येईल. असे कागद ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं त्यांच्या नकला वा छायाचित्रें करून एखाद्या संशोधनसंस्थेकडे अवश्य पाठवावीं.